एका रात्रीचा मुक्काम, फ्रान्सच्या दक्षिणेत: आधी जेवण ठरवा, मग खोली

विचारलेला प्रश्न असा: जूनच्या शेवटच्या आठवड्यात बार्सिलोनाहून नीसला गाडीने जायचं आहे. नवरा-बायको आणि सत्तरीतले आई-बाबा. वाटेत एक रात्र दक्षिण फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात, जुन्या दगडी घरातल्या छानशा हॉटेलात काढायची आहे. आई-बाबा शाकाहारी, अंडं चालतं. खोलीमागे दीडशे युरोपर्यंत तयारी आहे. बुकिंगच्या साइटवर शेकडो पर्याय आहेत आणि सगळेच सुंदर दिसतात, मग निवडायचं कसं?

सगळेच सुंदर दिसतात, कारण ते खरंच सुंदर असतात. पिवळसर दगडाची भिंत, निळसर रंगाची लाकडी झडपं आणि दारात लव्हेंडर ही त्या भागात खासियत नाहीच. कोकणात घरापुढे अंगण आणि दोन माड असावेत, तसं ते आहे. फोटो बघून निवडायला बसलात तर रात्रीचे दोन वाजतील आणि निवड होणार नाही.

मी पुण्यात बसून अठरा वर्षं लोकांच्या स्वतः गाडी चालवण्याच्या युरोप सहली आखतो. सगळ्यात जास्त तक्रारी कुठल्या येतात? चार रात्रींच्या मुक्कामाच्या येत नाहीत. तिथे पहिला दिवस बिघडला तरी दुसरा सावरतो. तक्रारी येतात या वाटेतल्या एका रात्रीच्या. संध्याकाळी सहाला पोचायचं, सकाळी दहाला निघायचं. सोळा तास, त्यातले आठ झोपेचे. उरलेल्या आठांत मोठा हिस्सा संध्याकाळच्या जेवणाचा असतो. म्हणून माझा नियम साधा आहे: आधी त्या रात्रीचं जेवण कुठे आणि किती वाजता ते ठरवा, खोली त्यानंतर.

हा नियम मी स्वतः उपाशी राहून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आविन्योंच्या उत्तरेला द्राक्षमळ्यांत एक घर घेतलं होतं, फोटो बघून. मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वीस झाले होते, पण भिंतीवर अजून ऊन होतं. जूनअखेरीला तिकडे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आपल्याला वाटत राहतं की अजून संध्याकाळच आहे. फाटक बंद. कोडचा ईमेल फ्रेंचमध्ये आला होता आणि मी तो जाहिरात समजून पुढे ढकलला होता. आत शिरेपर्यंत पावणेदहा. गावात एकच खानावळ, आणि वार रविवार. त्या रात्री आम्ही पलंगावर वर्तमानपत्र पसरून चिवडा, दोन बेसनाचे लाडू आणि सकाळच्या बाजारातली पीचेस खाल्ली. मुलीच्या मते ती सहलीतली सर्वांत मजेची रात्र होती. बायकोचं मत वेगळं होतं.

चूक त्या घराची नव्हती. फ्रान्सच्या गावाकडे स्वयंपाकघराचं घड्याळ कडक असतं. दुपारचं जेवण बारा ते दोन. रात्रीचं साडेसातला सुरू, आणि नऊच्या पुढे ऑर्डर घेतीलच याची खात्री नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी पुष्कळ खानावळी बंदच असतात, कारण चालवणारं कुटुंब म्हणजे दोन-तीन माणसं. शनिवार-रविवार दुपारची गर्दी उरकली की त्यांची सुट्टी. आपल्या हायवेवरच्या ढाब्याचा हिशोब तिथे चालत नाही. तुमचा मुक्काम रविवारी किंवा सोमवारी पडत असेल तर आत्ताच एक दिवस पुढेमागे करता येतो का बघा. नसेल येत तर "त्या दिवशी रात्री जेवण मिळेल का" हा पहिला प्रश्न.

जेवणाची सोय तीन तऱ्हांनी होते. एक, हॉटेलचीच खानावळ. तिथे खोली, रात्रीचं जेवण आणि न्याहारी एकत्र घेतली तर त्याला दमी-पांसियों म्हणतात आणि एका रात्रीसाठी ते सोयीचं पडतं. दोन, यजमानांच्या घरातलं सामाईक टेबल. तीन, गावात मुक्काम आणि चालत जाण्याइतक्या अंतरावर निदान दोन खानावळी. एक नाही, दोन, कारण एक हमखास बंद असते. चौथी तऱ्हा, म्हणजे माळावरचं देखणं घर आणि सर्वांत जवळचं जेवण आठ किलोमीटरवर, ती सरळ सोडून द्या. दिवसभर गाडी चालवल्यावर पुन्हा अंधाऱ्या अरुंद रस्त्यावर कोण जाणार? आणि जेवणाबरोबर वाइन घेतलीत तर तिथली मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे.

आता घरांचे प्रकार, कारण साइटवर सगळ्यांनाच हॉटेल म्हणून एकाच रांगेत बसवलेलं असतं. 'होतेल द शार्म', म्हणजे मोहक हॉटेल, हा काही सरकारी दर्जा नाही. ज्याला वाटेल त्याने पाटीवर लिहावं. तारे सरकारी असतात, पण ते मोजता येणाऱ्या गोष्टींचे: खोली किती चौरस मीटर, कुठल्या सोयी आहेत, सेवा काय काय मिळते. अंगणातला दोनशे वर्षांचा प्लेन वृक्ष त्या यादीत बसत नाही. त्यामुळे दोन तारेवालं जुनं घर चार तारेवाल्या नव्या इमारतीपेक्षा देखणं असणं ही तिथे रोजची गोष्ट आहे. लोजि नावाची लहान, बहुतेक कुटुंबांनी चालवलेल्या हॉटेलांची साखळी आहे. दर्जा दाखवायला ते ताऱ्यांसारखी हॉटेलला धुराडी देतात आणि स्वयंपाकाला पातेली. मी पातेली आधी मोजतो. रले ए शातो ही १९५४ पासूनची महागड्या हॉटेलांची संघटना. सुंदर, पण तुमच्या दीडशेत ते बसणार नाही आणि एका रात्रीसाठी तो खर्च मला पटतही नाही.

तुमच्यासाठी खरा पर्याय म्हणजे शांब्र दोत. यजमान स्वतः त्या घरात राहतो आणि खोल्या देतो. कायद्याने जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे. न्याहारी दरातच धरलेली असते, हॉटेलात ती माणशी बारा ते अठरा युरो वेगळी लागते. चार माणसांचा हिशोब करून बघा, फरक कळेल. काही घरांत रात्रीचं जेवणही मिळतं, त्याला ताब्ल दोत म्हणतात: एकच ठरलेला बेत, सगळे पाहुणे एका टेबलावर, यजमानही बरोबर बसतात. मात्र ते आधी सांगावं लागतं. संध्याकाळी पोचून "जेवायला काय आहे" विचारलंत तर नुसतं हसू मिळेल. जीत हा तिसरा प्रकार, स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने. हंगामात ते बहुधा शनिवार ते शनिवार आठवड्यानेच देतात, तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही. जीत द फ्रान्स ही संस्था १९५५ पासून अशा घरांची नोंद ठेवते आणि ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्या देते. तिच्या यादीत शांब्र दोतही सापडतात.

आई-बाबांचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. जुनं घर म्हणजे लिफ्ट नाही. जिना दगडी, बऱ्याचदा गोल, आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या. तेव्हा तळमजल्याची खोली मागा, आणि ती बाकीच्या घराशी एकाच पातळीवर आहे का तेही विचारा, कारण तळमजल्यावरही मध्येच दोन पायऱ्या उतरून न्हाणीघर असतं. बेड नीट वाचा: जुन्या घरांत डबल बेड म्हणजे १४० सेंटीमीटर रुंद, आपल्या हिशेबाने दीड माणसाचा. दोन वेगळे पलंग हवे असतील तर तसं सांगितलं की बहुतेक ठिकाणी मिळतात. 'फॅमिली स्वीट' स्वस्त दिसतो, पण जुन्या घरात आतल्या खोलीचा रस्ता बाहेरच्या खोलीतून जातो. रात्री बाबा उठले की सगळे उठणार. आणि न्हाणीघराचा फोटो शोधा. तो दिला नसेल तर कारण असतं. हल्ली झोपायच्या खोलीतच, दाराशिवाय, नुसता आडोसा करून बाथटब ठेवायची टूम आहे. नवदांपत्याला ठीक आहे.

सामानाचं एक. अंगणात बारीक खडी असते, गावात फरसबंदी. सूटकेसची चाकं तिथे फिरत नाहीत. डोंगरमाथ्यावरच्या गावांत गाडी आत जात नाही, खालच्या वाहनतळावर ठेवून चढ चढावा लागतो. एका रात्रीसाठी लागेल तेवढं एका खांद्यावरच्या पिशवीत काढून ठेवा. पण बाकीच्या बॅगा दिसतील अशा ठेवून गाडी वाटेतल्या प्रेक्षणीय स्थळी उभी करू नका. काच फोडून बॅगा नेण्याचे प्रकार त्या पट्ट्यात होतात. आधी मुक्कामाला जा, सामान उतरवा, मग फिरा.

आणि चहा. आई-बाबा साडेपाचला उठणार, न्याहारी आठ किंवा साडेआठला. खोलीत किटली असेलच असं नाही आणि खाली स्वयंपाकघराला कुलूप. मी ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, रात्री झोपताना यजमानांकडून थर्मासमध्ये गरम पाणी आणि एका वाटीत दूध मागून घ्या. पत्ती तुमची. आजवर कुणी नाही म्हटल्याचं ऐकलं नाही.

शाकाहाराबद्दल. 'शाकाहारी' एवढा शब्द पुरत नाही. कुणी त्यात मासे चालतील असं धरतं, कुणी वरून डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरवतं. सूपमध्ये हाडांचा रस्सा असतो. ऑलिव्हची काळी चटणी, तापनाद, दिसते निर्मळ पण तिच्यात बहुधा अँचोव्ही मासा वाटलेला असतो. तेव्हा यादी करून लिहा: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही, अंडी, दूध, चीज, डाळी चालतात. शेवटचा भाग फार महत्त्वाचा, कारण काय चालतं हे कळलं की स्वयंपाक करणारी यजमानीण निर्धास्त होते. जूनअखेरीस टोमॅटो, वांगी, झुकिनी सगळं बाजारात आलेलं असतं. भाज्यांचे थर लावून भाजलेलं तियाँ, तुळस-लसणाच्या वाटणाचं भाजी-डाळींचं सूप, शेळीच्या दुधाचं चीज. किनारपट्टीकडे पानिस मिळालं तर जरूर घ्या: हरभऱ्याचं पीठ शिजवून घट्ट करायचं, थापायचं, कापून तळायचं. आमच्या गटातल्या एक काकू पहिल्या घासाला म्हणाल्या, "अहो, ही पाटवडी. फक्त फोडणी विसरलेत."

उन्हाची चौकशी करा. जूनच्या शेवटी दुपारचा पारा पस्तिशीला टेकू शकतो. जाड भिंतींच्या घरात एसी नसतो आणि बऱ्याचदा लागतही नाही, पण त्याची एक रीत आहे: दिवसभर झडपं बंद, सूर्य कलला की सगळं सताड उघडं. आपण खोलीत शिरलो की आधी खिडक्या उघडतो आणि मग घर तापतं म्हणून तक्रार करतो. पोटमाळ्याची खोली मात्र एसीशिवाय घेऊ नका, छपराखाली भट्टी होते. खिडक्यांना जाळ्या नसतात. कामार्ग भाग, म्हणजे ऱ्होन नदीच्या मुखाची दलदल, डासांसाठी प्रसिद्ध आहे. त्या बाजूला एक रात्र पांढरे घोडे बघायला राहायचं असेल तर ओडोमॉस घेऊन जा.

जुनी शेतघरं, ज्यांना तिकडे मास म्हणतात, त्यांची पाठ उत्तरेकडे असते आणि त्या भिंतीला खिडक्या जवळपास नसतात. कारण मिस्त्राल, ऱ्होनच्या खोऱ्यातून खाली येणारा उत्तरेचा कोरडा वारा. तो सुटला की दोन-तीन दिवस अंगणातल्या खुर्च्या उडतात. सरूच्या झाडांच्या उंच रांगा दिसतात ना, त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. म्हणून फोटोत दक्षिणेकडे तोंड असलेलं बंदिस्त अंगण दिसलं की मला ते घर जाणत्याने बांधलेलं वाटतं.

आवाजासाठी नकाशाचं उपग्रहचित्र उघडा. महामार्ग आणि वेगवान रेल्वेचा रूळ हॉटेलच्या फोटोत कधीच येत नाही, तिथे मात्र दिसतो. पाहुण्यांच्या फ्रेंच अभिप्रायांत 'ब्रुई' (bruit) म्हणजे आवाज आणि 'लितरी' (literie) म्हणजे गादी-बिछाना हे दोन शब्द शोधा, बाकी कौतुक वाचलं नाही तरी चालेल. चर्चची घंटा तास वाजवते आणि काही गावांत दोन-एक मिनिटांनी तोच तास पुन्हा वाजवते, शेतात असलेल्याचे ठोके मोजायचे चुकले तर. रोमँटिक वाटतं, रात्री बारापर्यंत. २१ जूनला जात असाल तर त्या दिवशी देशभर संगीताचा उत्सव असतो, चौकातली खोली नको.

पैशांबाबत एकच गोष्ट, पण ती बहुतेकांना माहीत नसते. थेट घरमालकाकडे बुकिंग करताना आगाऊ रक्कम मागतात. ती 'आर' (arrhes) असेल तर तो आपला विसार: तुम्ही रद्द केलंत तर विसार बुडाला आणि विषय संपला, आणि घरमालकाने रद्द केलं तर त्याने दुप्पट परत करायचा. ती 'आकाँत' (acompte) असेल तर करार पक्का, रद्द केल्यावरही उरलेली रक्कम मागण्याचा त्याला हक्क आहे. पावतीवर कुठला शब्द आहे ते बघा. बाकी माणशी थोडासा मुक्काम कर वेगळा द्यावा लागतो, तो किरकोळ असतो. शेंगेन व्हिसासाठी या रात्रीचाही नाव-पत्त्यासह पुरावा लागेल, तेव्हा ईमेलवर सगळ्या चौघांची नावं लिहून मागा.

आता तुमचा रस्ता. बार्सिलोना ते नीस साधारण ६७० किलोमीटर. अगदी मधोमध थांबायचं तर बेझिएजवळचं पेझना: जुना दगडी गाव, फ्रेंच नाटककार मोलिएरची नाटकमंडळी सतराव्या शतकात तिथे मुक्कामाला असायची. तिथे दोऱ्याच्या रिळाएवढे गोड-तिखट मटणाचे पॅटिस मिळतात आणि ते १७६८ साली तिथे हवापालटाला आलेल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या आचाऱ्याने शिकवले असं गावकरी सांगतात. हो, प्लासीवाला तोच क्लाइव्ह. पण आई-बाबांना त्याचा काही उपयोग नाही.

मी तुम्हाला सव्वाशेक किलोमीटर पुढे, उझेस या गावाच्या परिसरात पाठवेन. ए-नऊ महामार्गावर तेवीस नंबरच्या फाट्याला रमुलाँ इथे उतरायचं. तिथून पाँ द्यु गार जवळच आहे: पहिल्या शतकातला रोमन पूल, तीन मजली कमानी, जवळजवळ ४९ मीटर उंच, नीम शहराला उझेसजवळच्या झऱ्याचं पाणी पोचवण्यासाठी बांधलेल्या पन्नासेक किलोमीटरच्या कालव्याचा भाग. उशिरा संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या गेलेल्या असतात आणि दगड मधासारखा दिसतो. आसपासच्या गावांत तुमच्या बजेटची शांब्र दोत आहेत, आणि दुसऱ्या दिवशी नीसला तीनशेच किलोमीटर उरतात. उझेसचा मोठा बाजार शनिवारी सकाळी, कमानींनी वेढलेल्या चौकात. शुक्रवारी रात्री मुक्काम पडला तर सोन्याहून पिवळं, फक्त गाडी चौकाच्या आसपास न्यायच्या फंदात पडू नका. लव्हेंडरची शेतं हवी असतील तर हे ठिकाण त्यासाठी नाही, ती ऱ्होनच्या पूर्वेला. त्यांच्यासाठी वेगळे दोन दिवस काढा.

शोधताना 'उझेस' टाका आणि पत्त्यात पिनकोडची सुरुवात तीसने आहे ना बघा, तो गार जिल्ह्याचा आकडा. गावांची नावं फसवतात. रुसियों म्हणजे ल्युबेराँ या डोंगराळ भागातलं गेरूच्या कड्यांचं गाव, पेर्पिन्यां शहराभोवतीचा अख्खा प्रांतही रुसियों, आणि लियोंच्या दक्षिणेला त्याच नावाचं तिसरं गाव. आमच्या एका ग्राहकाने तिसऱ्यात खोली घेतली होती.

तीन घरं निवडली की तिघांनाही एकच छोटा ईमेल इंग्रजीत पाठवा, सुरुवात 'बोंझूर'ने. किती वाजता पोचाल, त्या रात्री जेवण मिळेल का, आई-बाबा काय खातात, पायऱ्या किती. एवढंच. एखाद्या घराकडून छापील उत्तर येईल, एखाद्याकडून येणारच नाही. मागे नाशिकच्या एका कुटुंबासाठी मी असाच ईमेल पाठवला होता. उझेसजवळच्या एका बाईंचं उत्तर आलं: अंगणातून आत तीन पायऱ्या, कठडा उजव्या हाताला आहे; तुमच्या वडिलांचा कुठला गुडघा दुखतो? असं उत्तर ज्या घरातून येईल, ते घर घ्या. फोटो त्यानंतर बघितलेत तरी चालतील.